अर्ध्या अंशाचा सूर्य आणि सॅकमधला कॅमेरा

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची मंडळी पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या जेऊरला येऊन उतरली होती. तिथे त्यांनी ४० फूट लांबीचा कॅमेरा उभा केला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळही जेऊरलाच होता, आणि तिकडे कोकणात विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर आपली यंत्रं मांडून बसले होते. ४० फुटी कॅमेऱ्याचं आज हसू येईल, पण त्यामागचं गणित सरळ होतं. लेन्सच्या फोकल लेंग्थला ढोबळमानाने ११० ने भागलं की सूर्याची प्रतिमा केवढी पडेल ते कळतं. ४० फूट म्हणजे सुमारे १२ मीटर, म्हणून प्रतिमा ११ सेंटिमीटरची. काचेच्या प्लेटवर बारकावे हवेत तर प्रतिमाच मोठी पाडावी लागे.

तुमच्या सॅकमधल्या २५० मिमीच्या झूम लेन्सला हेच गणित लावा. सूर्य पडतो जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा! पण आजच्या सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे त्या सव्वादोन मिलिमीटरमध्ये साडेपाचशेहून जास्त पिक्सेल मावतात. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. एका पिक्सेलच्या वाट्याला अडीच हजार किलोमीटर आले, आणि पृथ्वीएवढा सौरडाग ५ पिक्सेलांचा झाला. मोठे डाग पृथ्वीच्या कितीतरी पट असतात. ते तर सहज दिसतात, भोवतालच्या फिकट कडेसकट.

हे गणित आधी मांडायचं कारण असं की छोट्या साधनांबद्दलचा बहुतेकांचा हिरमोड चुकीची वस्तू निवडल्यामुळे होतो. शनीची कडी पाहायच्या हौसेने पहिली दुर्बीण घेतली जाते, खोक्यावर ‘६७५ पट’ असं काहीतरी छापलेलं असतं, आणि महिन्याभरात ती माळ्यावर जाते. छोट्या लेन्सला काय झेपेल हे वस्तू किती लांब आहे यावर ठरत नाही, ती आकाशात किती रुंद दिसते यावर ठरतं. गुरू आपल्या सूर्यमालेतलाच, पण २५० मिमीच्या लेन्सने तो १४-१५ पिक्सेलांचा ठिपका दिसतो. फार तर शेजारी त्याचे चार चंद्र. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, पण तिची लांबी आकाशात ३ अंश आहे. सहा पूर्णचंद्र ओळीने मांडले तर होतील एवढी! मोठ्या दुर्बिणीत ती मावतच नाही, १३५ मिमीच्या लेन्समध्ये ऐसपैस बसते. कृत्तिकांचा गुच्छ दोन अंशांच्या आसपास, मृगातला तेजोमेघ एक अंश, सूर्य आणि चंद्र अर्धा अर्धा अंश, आणि आकाशगंगेचा पट्टा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही आपली यादी. गुरू-शनी खुशाल मोठ्या दुर्बिणीवाल्यांना सोडून द्या.

सुरुवात सूर्यापासून करावी असं माझं मत आहे. त्याला अंधारं गाव शोधावं लागत नाही, रजा टाकावी लागत नाही, शहराचा उजेड आड येत नाही. गच्ची पुरते. शटर इतकं वेगाने उघडमीट होतं की पृथ्वी फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. अट एकच, आणि तिथे तडजोड नाही: लेन्सच्या पुढच्या तोंडावर खास सौर फिल्टर.

हा फिल्टर म्हणजे प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडणारी फिल्म. बाडर कंपनीची ‘ॲस्ट्रोसोलर’ फिल्म हौशी मंडळींत सर्वांत परिचयाची. ती दोन प्रकारांत मिळते. ५.० घनतेची फिल्म डोळ्यांनी पाहायलाही चालते. ३.८ घनतेची फक्त कॅमेऱ्यासाठी असते. तिच्यातून सोळापट जास्त प्रकाश येतो, त्यामुळे तिच्यातून डोळ्याने मुळीच पाहायचं नाही. घरात मुलं असतील तर ५.० चीच आणा, म्हणजे गोंधळाला जागा राहत नाही. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा ‘एनडी १०००’ फिल्टर धबधब्याच्या फोटोंसाठी असतो. तो हजारावा भाग आत सोडतो, म्हणजे सौर फिल्टरच्या शंभरपट. शिवाय डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तो कितपत अडवतो याची खात्री नसते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक चढवलेले गॉगल हे सगळं बाद. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसला लावायचा काळा ‘सन फिल्टर’ यायचा, तो तर फेकूनच द्या. दुर्बिणीने एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो, आणि तडकतो तेव्हा डोळा त्याला लावलेलाच असतो.

फिल्टर घरी बनवणं हे तासाभराचं काम आहे. जाड पुठ्ठ्याची पट्टी लेन्सच्या तोंडाभोवती गुंडाळून, सैलही नाही आणि आवळही नाही असं कडं करा. पुठ्ठ्याचे दोन चौकोन घेऊन लेन्सच्या मापाची गोल भोकं पाडा. फिल्मसोबत येणारा पातळ कागद न काढता त्याच्यासकट ती कात्रीने कापा, नाहीतर बोटांचे ठसे उमटतात. मग कागद काढून फिल्म दोन चौकोनांच्या मध्ये दुतर्फा चिकटणाऱ्या टेपने बसवा. इथे हात शिवशिवतात, फिल्म ताणून गुळगुळीत करावीशी वाटते. करू नका. सुरकुत्यांनी काही बिघडत नाही, ताण दिला तर मात्र प्रतिमा विसविशीत होते. चौकोन कड्याला चिकटवला की काम झालं. वापरण्याआधी दर वेळी तो प्रखर बल्बसमोर धरून टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलंय का ते बघा. एखादं दिसलं तरी नवी फिल्म लावा. आणि लेन्सवर चढवल्यावर दोन बाजूंनी चिकटपट्टी मारा. गच्चीवरचा वारा नेमका नको तेव्हा सुटतो.

क्रमही पाळायचा. आधी फिल्टर, मग लेन्स सूर्याकडे. संपल्यावर आधी लेन्स वळवायची, मग फिल्टर काढायचा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता मागच्या स्क्रीनवरच बघा. द्विनेत्री वापरत असाल तर फिल्टर दोन्ही नळ्यांना हवा. दुर्बिणीवर छोटा फाइंडर असेल तर तो झाकून ठेवा. मग सूर्य सापडणार कसा? लेन्सच्या सावलीकडे पाहा. ट्रायपॉडवरच्या लेन्सची जमिनीवरची सावली सर्वांत लहान झाली की ती सूर्यावर रोखली गेली.

आता सेटिंग. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ/८, शटर १/४०० सेकंद. ५.० च्या फिल्मला इथून सुरुवात करा आणि सूर्याची तबकडी पांढरीफट्ट होणार नाही एवढ्या बेताने खालीवर करा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा भोवतालचा काळोख पाहून तबकडी जाळून टाकतो. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून डोक्यावरून गडद टॉवेल घ्या. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत! लाइव्ह व्ह्यू दहापट मोठं करून सूर्याच्या कडेवर किंवा एखाद्या डागावर हाताने फोकस करा, सेल्फ-टायमर दोन सेकंदांवर ठेवा, रॉमध्ये पन्नासेक फोटो काढा आणि त्यांतले सर्वांत नेटके दोन-चार ठेवा. इतके कशासाठी? हवा सतत थरथरते, आणि ती क्षणभर स्थिर झाल्याचा फायदा कुठल्या फोटोला मिळेल ते आधी सांगता येत नाही. जरा पुढे जायचं असेल तर फोटोंऐवजी व्हिडिओ घ्या. त्याच्या शेकडो फ्रेम्समधून चांगल्या निवडून एकावर एक रचण्याचं काम ‘ऑटोस्टॅकर्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर करतं.

थरथरीवर फार कमी जण लक्ष देतात. स्लॅब दुपारी तापतो आणि त्याच्यावरून उठणारी गरम हवा सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी खदखदवते. सूर्य बराच वर आलेला, पण गच्ची अजून तापलेली नाही, असा सकाळचा आठ-साडेआठ ते दहाचा वेळ चांगला. गच्चीपेक्षा गवताचं मैदान बरं. पाऊस सरल्यावर हवा धुऊन निघालेली असते, तेव्हाच्या सकाळी वाया घालवू नयेत.

एका फोटोवर थांबू नका. पृथ्वीवरून पाहताना सूर्याची स्वतःभोवतीची फेरी सुमारे २७ दिवसांत पुरी होते, त्यामुळे पूर्वेच्या कडेला उगवलेला डाग पश्चिमेच्या कडेला मावळायला सुमारे १३ दिवस घेतो. रोज एक फोटो काढून तो प्रवास टिपता येतो. वेळ मात्र रोज तीच ठेवा. सकाळ ते संध्याकाळ सूर्याची तबकडी आपल्या चौकटीत कलत जाते. वेळ बदलली की डाग सरकले की तबकडी फिरली, हेच कळेनासं होतं. कोडाईकनालच्या वेधशाळेत सूर्याचे असे रोजचे फोटो विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जपलेले आहेत. काम तेच, आपलं साधन लहान एवढंच. सध्याचं, म्हणजे २५ वं सौरचक्र २०२४ च्या सुमारास भरात आलं. चक्र साधारण ११ वर्षांचं असल्यामुळे २०३० च्या आसपास तबकडी दिवसचे दिवस कोरी राहील. डाग टिपायचे असतील तर त्याच्या आत हात चालवलेला बरा. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या लाल ज्वाळा या फिल्मने दिसत नाहीत. त्यांना हायड्रोजन-अल्फाची वेगळी दुर्बीण लागते आणि ती खिशाला जड आहे. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

रात्रीचं तंत्र वेगळं आहे. तिथे प्रकाश कमी आणि पृथ्वी थांबत नाही. ट्रायपॉडवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यात तारे रेघोट्या ओढू लागण्याआधी किती सेकंद मिळतात, याचा ढोबळ हिशोब म्हणजे ५०० भागिले फोकल लेंग्थ. सेन्सर एपीएस-सी असेल तर फोकल लेंग्थला आधी दीडने गुणा. १८ मिमीच्या किट लेन्सला १८ सेकंद मिळतात, ५० मिमीला साडेसहा, १३५ मिमीला अडीच. हा आकडा उदार आहे. रेघ अजिबात नको असेल तर त्याच्या निम्मं धरा.

माझ्या मते सर्वांत वसूल होणारी खरेदी म्हणजे ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स. ती एफ/२.८ वर आणा, नाहीतर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिच्यात अख्खं मृग नक्षत्र मावतं. आयएसओ १६०० किंवा ३२००, ४ सेकंदांचं शटर, आणि असे शंभर फोटो लागोपाठ. एकेक फोटो पाहिलात तर निराश व्हाल, खरखर नुसती. पण ‘सिक्वेटर’, ‘डीपस्कायस्टॅकर’ किंवा ‘सिरिल’ यांपैकी कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये शंभर फोटो एकावर एक चढवले की खरखर दहा पटींनी उतरते आणि मृगाच्या तीन ताऱ्यांखाली तेजोमेघाचा गुलाबी धूर उमटतो. त्याच सेटिंगवर झाकण लावून वीसेक काळे फोटोही काढून ठेवा, सेन्सरचे खोटे ठिपके सॉफ्टवेअर त्यांवरून ओळखतं.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. व्याध किंवा अगस्ती अशा ठळक ताऱ्यावर कॅमेरा रोखा, लाइव्ह व्ह्यू मोठं करा आणि तारा अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. तो टिंब होतो आणि पुन्हा फुगू लागतो, तेव्हा एक पाऊल मागे या. मग रिंगवर कागदी टेप लावून टाका, अंधारात बोट लागून फोकस कधी हलला ते कळतही नाही.

फोनवाल्यांनी मागे राहायचं कारण नाही. पिक्सेल फोनमध्ये ताऱ्यांसाठी वेगळा मोड आहे, आयफोन ट्रायपॉडवर स्थिर ठेवला तर ३० सेकंदांपर्यंत शटर देतो, आणि अनेक अँड्रॉइड फोनांत प्रो मोडमध्ये तेवढंच मिळतं. फोन धरणारा क्लॅम्प आणि छोटा ट्रायपॉड पुरे. आकाशगंगेसाठी फोन चांगला, देवयानीसाठी नाही.

पुढची पायरी ट्रॅकर. कॅमेऱ्याला पृथ्वीच्या उलट दिशेने तेवढ्याच वेगाने फिरवणारी ही छोटी मोटर. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो, आणि आपल्याकडची अडचण इथेच आहे. ध्रुव तारा आपल्या अक्षांशाइतक्याच उंचीवर दिसतो: पुण्याहून साडेअठरा अंश, नागपूरहून एकवीस, गोव्याहून साडेपंधरा. तो बऱ्याचदा डोंगराआड, इमारतीआड नाहीतर क्षितिजावरच्या धुरकटात असतो. पण महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम अंशभराचा आहे. होकायंत्राने दिशा आणि फोनमधल्या कोनमापकाने उंची लावली तरी रुंद लेन्सने मिनिटभराचे फोटो ठीक येतात. फोन मोटरजवळ धरू नका, तिच्यातल्या लोहचुंबकाने सुई भलतीकडे वळते.

गेल्या काही वर्षांत ‘स्मार्ट’ दुर्बिणी आल्या आहेत. सीस्टार एस५० ही त्यांतली माहितीतली: भिंग ५० मिमीचं, फोकल लेंग्थ २५० मिमी, सोबत सौर फिल्टर. महागड्या फोनच्या किमतीत हे यंत्र स्वतः तारे ओळखतं, वस्तू शोधतं, दहा-दहा सेकंदांचे फोटो रचत जातं आणि तयार चित्र फोनवर देतं. जुने लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. शहरातल्या गॅलरीतून तेजोमेघ पाहणाऱ्या मुलीला ध्रुवाकडे अक्ष रोखायला लावून पळवून लावण्यात काय हशील? मात्र त्याची चौकट लांबीला सव्वा अंश आणि रुंदीला पाऊण अंश एवढीच असते, त्यामुळे देवयानी तिच्यात एका वेळी मावत नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यासाठी पुन्हा कॅमेराच लागतो. आधी काय टिपायचंय ते ठरवा, मग पैसे काढा.

रात्र निवडायला भिंतीवरचं पंचांगी कॅलेंडर फोनमधल्या कुठल्याही ॲपइतकंच कामाचं आहे. शुक्ल पंचमीपर्यंतचा चंद्र दहाच्या सुमारास मावळतो, पुढची रात्र तुमची. कृष्ण अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीपुढे उगवतो, म्हणून आधीची रात्र तुमची. संकष्टीचा चंद्रोदय तर मिनिटासकट छापलेला असतो. नैवेद्याची वाट पाहणाऱ्यांना तो लवकर हवा असतो, आपल्याला उशिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवयानी, डिसेंबर ते फेब्रुवारी कृत्तिका आणि मृग, आणि फेब्रुवारीअखेरपासून पहाटे वृश्चिक-धनूतला आकाशगंगेचा गाभा. मेमध्ये तो मध्यरात्रीच्या आधीच वर येतो. हा गाभा पुण्याहून ४२ अंशांपर्यंत चढतो. लंडनकरांना तो दहा अंशही वर येत नाही. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर त्रिशंकूही चौकटीत घेता येतो. पाऊस सुरू झाला की हा गाभा आपल्यासाठी संपला.

अंधार आता शोधावाच लागतो. रस्त्यांवर पांढरे एलईडी आल्यापासून सोडियम दिव्यांच्या काळातले ‘प्रकाशप्रदूषण फिल्टर’ फारसे उपयोगाचे राहिलेले नाहीत. जुना माल स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. ज्यांना पेंच लांब पडतं त्यांनी भंडारदरा, जुन्नर-माळशेजचा पट्टा किंवा तळकोकणातली आडगावं पाहावीत. पहिल्यांदा जाताना एकटं जाऊ नये. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ गेली कित्येक वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आली आहेत, त्यांच्यासोबत एक रात्र काढली की निम्मे प्रश्न सुटतात. स्वतंत्र गेलात तर गावात पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. अंधारात ट्रायपॉड आणि लाल दिवे घेऊन बसलेली माणसं गावकऱ्यांना चोरच वाटणार. जुन्नर भागात उसाच्या कडेला मुळीच बसू नका, तिथे बिबट्यांचा वावर नित्याचा आहे. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का तेही विचारून घ्या.

थंडीत आणि कोकणात बाराही महिने दव पडतं. फोटो हळूहळू धूसर होत जातात आणि आपण ढगाला दोष देत बसतो. पॉवरबँकवर चालणारी यूएसबीची गरम पट्टी लेन्सच्या पुढच्या भागाभोवती गुंडाळली की काम भागतं. काच रुमालाने पुसू नका, पाणी फक्त पसरतं आणि चरे वेगळे पडतात.

ज्यांना ग्रहण गाठायचं आहे त्यांनी दोन तारखा लिहून ठेवाव्यात. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणात इजिप्तच्या लक्झरपाशी खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल. महाराष्ट्रातून ते दिवस उतरताना खंडग्रास दिसू शकेल, पण ऑगस्टातले ढग विसरू नका. खंडग्रासात फिल्टर पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत तसाच ठेवायचा. लक्झरला जाणाऱ्यांनी खग्रास अवस्थेपुरता फिल्टर काढायचा आणि सूर्याचा पहिला हिरा चमकताच परत चढवायचा. ही चढ-उतार अंधारात, न बघता जमेपर्यंत घरी करून पाहा. ३१ डिसेंबर २०२८ च्या खग्रास चंद्रग्रहणाला फिल्टर लागत नाही. रात्री दहाच्या सुमारास चंद्र लाल होईल, आणि थंडीतला पूर्णचंद्र असल्याने तो आकाशात चांगला उंच असेल. २५० मिमीची लेन्स, आयएसओ ८०० आणि एक सेकंदाच्या आतलं शटर यावर ते सहज टिपता येईल.

उरला पावसाळा. जून ते सप्टेंबर लेन्सला ढगांपेक्षा बुरशीचा धोका जास्त, मुंबई-कोकणात तर नक्कीच. कापडी बॅगेत लेन्स ठेवू नका, बॅग ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ५५ च्या वर गेला की पुड्या बदला. सौर फिल्टरही याच डब्यात ठेवा, पण सपाट आणि वर काही न ठेवता. दिवाळीच्या आधी बाहेर काढाल तेव्हा पुन्हा एकदा बल्बसमोर धरून बघा.